सर्व्हिस ‘रनिंग’ दिसते, पण ठरलेल्या वेळेचे मेल जात नाहीत. आणि काहींना तोच मेल दोनदा जातो

लोलक · सोमवार ११:१०

मंडळी, एका विंडोज सर्व्हिसने (पडद्यामागे सतत चालणाऱ्या प्रोग्रॅमने) अगदी जेरीस आणलंय. नीट मांडते, जरा लांबेल.

काम तसं साधं आहे. डेटाबेसमध्ये एक टेबल आहे. कोणाला पाठवायचं, काय पाठवायचं, कधी पाठवायचं आणि स्थिती, असे रकाने. स्थिती तीनच: प्रलंबित, गेला, फसला. सी-शार्पमध्ये लिहिलेली सर्व्हिस दर मिनिटाला जागी होते, वेळ झालेल्या ओळी उचलते, आमच्या मेल रिलेला (मेल पुढे पोहोचवणाऱ्या सर्व्हरला) पोर्ट ५८७ वरून देते आणि ओळीवर ‘गेला’ लिहिते. फसलेल्या ओळी पुढच्या फेरीत परत उचलल्या जातात. मेल म्हणजे मुख्यतः मुदतीच्या आठवणी, आणि महिन्याच्या सुरुवातीला पीडीएफ जोडलेली विवरणपत्रं.

दुखणी दोन आहेत.

एक, सर्व्हिस मधूनच काम थांबवते. सर्व्हिसेसच्या यादीत बघावं तर ‘रनिंग’. सीपीयू शून्य, मेमरी नेहमीइतकीच, इव्हेंट व्ह्यूअरमध्ये चकार शब्द नाही. आमच्या लॉगमधली शेवटची ओळ मध्यरात्रीनंतरची असते आणि ती असते ‘फेरी सुरू’. पुढे काहीच नाही. रीस्टार्ट केली की साचलेले सगळे मेल धडाधड जातात आणि मग बरेच दिवस सुरळीत.

दोन, विवरणपत्रं काहींना दोनदा, क्वचित तीनदाही जातात. सगळ्यांना नाही. साध्या आठवणी मात्र कधीच दुबार गेलेल्या नाहीत.

सर्व्हिस मूळ ज्याने लिहिली तो माणूस आता इथे नाही, त्यामुळे विचारायची सोय नाही. मुदत उलटून गेल्यावर आठवण मिळणं म्हणजे न मिळाल्यातच जमा, त्यामुळे लोक चिडतात ते मला पटतं. कुठून सुरुवात करू?

कंदील · सोमवार ११:३४

हे वेब अ‍ॅप्लिकेशनच्या आत चालतंय की खरोखरची वेगळी सर्व्हिस आहे? आयआयएसमध्ये (विंडोजच्या वेब सर्व्हरमध्ये) असेल तर उत्तर सोपं आहे. २० मिनिटं कोणी फिरकलं नाही की अ‍ॅप पूल, म्हणजे अ‍ॅप चालवणारी प्रोसेस, झोपतो, आणि तसंही दर १७४० मिनिटांनी, म्हणजे २९ तासांनी, तो स्वतःहून नव्याने सुरू होतो. हे दोन्ही मूळचेच डिफॉल्ट आहेत. त्यात ठेवलेला टायमर पूलबरोबर जातो.

लोलक · सोमवार ११:४१

नाही, वेगळी सर्व्हिस आहे. आयआयएसचा संबंध नाही.

पूर्णांक · सोमवार ११:५८

लोलकताई, धाग्यात मधेच घुसतोय, पण कंदील यांनी सांगितलं ते आमच्याकडे तंतोतंत लागू आहे! आमचे मेल वेब अ‍ॅपमधूनच जातात आणि सुट्टीच्या दिवशी हमखास अडकतात. सुट्टीला साइटवर कोणी येत नाही, म्हणून पूल झोपतो, म्हणून मेल नाहीत. आयडल टाइमआउट शून्य केला तर चालेल का?

कंदील · सोमवार १२:०५

शून्य करा, स्टार्ट मोड ‘ऑलवेज रनिंग’ करा, प्रीलोड चालू करा, तात्पुरतं भागेल. पण पूल असा नव्याने सुरू (रीसायकल) होताना मधल्या कामाचं काय, हा प्रश्न राहतोच. मेलचं काम वेगळ्या प्रोसेसमध्ये काढा, हेच खरं.

चक्री · सोमवार १२:२०

रोज पहाटे चार वाजता टास्क शेड्युलरमधून सर्व्हिस रीस्टार्ट करून टाका. आम्ही एका जुन्या प्रणालीला तसंच करतो, वर्षानुवर्षं चाललंय.

अर्धविराम · सोमवार १३:१५

चक्री, मला हे पटत नाही, आणि का ते सांगतो. रीस्टार्ट नेमका मेल रिलेला दिल्यानंतर आणि ‘गेला’ लिहिण्यापूर्वी झाला तर तो मेल परत जाणार. दुबार मेलची तक्रार आधीच आहे, त्यात आपण भर घालू. शिवाय बिघाड रात्री बारा वाजून पाच मिनिटांनी झाला तर चारपर्यंत सगळं ठप्पच.

लोलक, पुढच्या वेळी सर्व्हिस थांबली की सगळ्यात आधी एक करा: रीस्टार्ट करू नका. पंचनामा व्हायच्या आधी जागा आवरली की हाती काही लागत नाही. लोक कितीही घाई करोत, पाच मिनिटं मागून घ्या आणि दोन गोष्टी टिपा.

नेटस्टॅट चालवून त्या प्रोसेस आयडीच्या नावावर कोणत्या जोडण्या उघड्या आहेत ते बघा. रिलेच्या ५८७ ला किंवा डेटाबेसच्या १४३३ ला एखादी ‘एस्टॅब्लिश्ड’ जोडणी आहे का?

मग टास्क मॅनेजरमधून त्या प्रोसेसची डंप फाइल (मेमरीची त्या क्षणाची प्रत) काढा. डंप व्हिज्युअल स्टुडिओत उघडून थ्रेड (एकाच प्रोसेसमध्ये समांतर चालणारी कामं) कुठे उभे आहेत ते बघता येतं.

यातून एकच निवाडा हवा आहे: सर्व्हिस अडकली आहे, की निजली आहे. अडकली असेल तर एखादा थ्रेड मेल पाठवण्याच्या किंवा क्वेरीच्या फंक्शनमध्ये ताटकळत उभा दिसेल. निजली असेल तर तुमच्या कोडमधला एकही थ्रेड दिसणार नाही, कारण टायमरच वाजत नाहीये. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात आणि दोन्हींचे उपाय अगदी वेगळे आहेत.

आणि टायमरचा भाग इथे द्या. खरा कोड नको असेल तर नुसता सांगाडा चालेल. कोणता टायमर वापरलाय तेही सांगा, डॉटनेटमध्ये बरेच आहेत.

लोलक · सोमवार १५:०२

सिस्टम डॉट टायमर्स डॉट टायमर आहे, जुन्या डॉटनेट फ्रेमवर्कवर. सांगाडा मराठीतच लिहून देते:

टायमर.इंटर्व्हल = ६००००
टायमर.ऑटोरीसेट = फॉल्स
टायमर वाजला की:
  लॉग «फेरी सुरू»
  ओळी = वेळ झालेल्या ओळी आण
  प्रत्येक ओळीसाठी:
    ट्राय: मेल पाठव; स्थिती = गेला
    कॅच: स्थिती = फसला
  लॉग «फेरी संपली»
  टायमर.स्टार्ट()

अर्धविराम · सोमवार १५:४०

आता बरंच उलगडतंय. नक्की काय ते डंप सांगेल, पण माझा संशय इथे लिहून ठेवतो.

या टायमरची एक खोड आहे, आणि ती मायक्रोसॉफ्टच्या दस्तऐवजात स्पष्ट लिहिलेली आहे: वाजल्यावर चालणाऱ्या फंक्शनमधून एक्सेप्शन (कोड चालताना उद्भवलेली चूक) बाहेर पडलं तर टायमर ते गिळून टाकतो. प्रोसेस पडत नाही, इव्हेंट लॉगमध्ये नोंद होत नाही, काहीच होत नाही.

आता तुमचा सांगाडा बघा. ट्राय-कॅच (चूक झाली तर ती पकडणारा भाग) आहे, पण ते फक्त एकेका मेलभोवती. ‘वेळ झालेल्या ओळी आण’ ही ओळ उघडीच आहे. तिथे डेटाबेसने एकदा जरी नकार दिला तर एक्सेप्शन थेट बाहेर, टायमर ते गिळणार, आणि शेवटची ‘टायमर.स्टार्ट()’ ही ओळ कधी चालणारच नाही. ऑटोरीसेट फॉल्स असल्यामुळे टायमर स्वतःहून परत वाजत नाही. म्हणजे सर्व्हिस जिवंत, टायमर कायमचा मुका. शेवटची नोंद ‘फेरी सुरू’ असणं याच्याशी अगदी जुळतं. जोडीला, कॅचमध्ये ‘फसला’ लिहायला पुन्हा डेटाबेसच लागतो. तोच बंद असेल तर कॅचच्या आतूनही एक्सेप्शन उडेल.

ऑटोरीसेट फॉल्स करणाऱ्याचा हेतू चांगलाच होता. तो ट्रू असता आणि एक फेरी मिनिटापेक्षा लांबली असती तर दुसऱ्या थ्रेडवर दुसरी फेरी सुरू होऊन त्याच ओळी परत उचलल्या गेल्या असत्या. ते टळलं, पण स्टार्ट फायनलीमध्ये (चूक होवो न होवो, शेवटी चालतोच त्या भागात) जायला हवं होतं.

सर्व्हिसच्या ‘रिकव्हरी’ टॅबमध्ये ‘रीस्टार्ट द सर्व्हिस’ निवडलेलं असेलच. त्याचा इथे काही उपयोग नाही. ते प्रोसेस अचानक मेली तरच कामाला येतं.

चक्री · सोमवार १६:१०

पटलं. मग मुळात सर्व्हिस हवीच कशाला? दर मिनिटाला चालून संपणारा छोटा प्रोग्रॅम टास्क शेड्युलरला दिला तर मुका टायमर हा प्रकारच उरत नाही.

अर्धविराम · सोमवार १६:३२

हा विचार मला खरंच आवडतो, आणि दर मिनिटाच्या कामाला तो पुरेसा आहे. प्रत्येक फेरी नवी प्रोसेस, त्यामुळे मागच्या फेरीचा बिघाड पुढे येत नाही. आधीची फेरी चालू असेल तर शेड्युलर डिफॉल्टने दुसरी सुरू करत नाही. मात्र आणखी एक डिफॉल्ट लक्षात ठेवा: काम अडकलं तर ते मारायची मुदत तीन दिवसांची असते. ती दहा-पंधरा मिनिटांवर आणा, नाहीतर अडकलेली एक फेरी तीन दिवस दार अडवून बसेल.

लिनक्सवर सिस्टिमडीचा टायमरही असाच शहाणा आहे, चालू असलेली सर्व्हिस तो दुसऱ्यांदा सुरू करत नाही. क्रॉन (ठरल्या वेळी कामं सुरू करणारा तिथला जुना प्रोग्रॅम) मात्र असलं काही बघत नाही. आधीची फेरी चालू असो वा नसो, तो वेळ झाली की नवी सोडतो. तिथे एफलॉक (एका वेळी एकच प्रत चालू देणारं कुलूप) लावावंच लागतं.

लोलक · गुरुवार ०९:४८

आज सकाळी सर्व्हिस थांबलेली सापडली, आणि रीस्टार्ट न करता आधी सगळं टिपलं. वरिष्ठांना समजावणं हाच त्यातला अवघड भाग होता.

नेटस्टॅटमध्ये त्या प्रोसेस आयडीची एकही जोडणी नाही. ना रिलेची, ना डेटाबेसची. डंपमध्ये आमच्या कोडचा एकही थ्रेड नाही. मुख्य थ्रेड सर्व्हिस थांबवण्याच्या हुकमाची वाट बघत उभा, बाकी रनटाइमचे स्वतःचे. म्हणजे अडकलेली नाही, निजलेली.

लॉगमधली शेवटची ‘फेरी सुरू’ ०२:१६ ची आहे. डेटाबेस सांभाळणाऱ्यांना विचारलं तर रात्री दोनच्या सुमाराला अपडेट लागून सर्व्हर रीस्टार्ट झाला होता. आधीच्या वेळांच्या नोंदी काढल्या, त्याही अशाच देखभालीच्या रात्रींच्या निघाल्या. 

अर्धविराम, तुमचा संशय शब्दशः खरा ठरला. फार आभार.

अर्धविराम · गुरुवार १०:२०

छान टिपलंत. आता दुरुस्ती. आजच्या आज करायची ती एवढीच: सगळ्या फंक्शनभोवती ट्राय, कॅचमध्ये संपूर्ण एक्सेप्शन स्टॅकसकट (चूक कोणत्या फंक्शनांमधून आली त्या साखळीसकट) फाइलमध्ये लिहा, डेटाबेसमध्ये नको, आणि टायमर.स्टार्ट() फायनलीत.

पुढे कधी नव्या डॉटनेटवर नेलंत तर टायमर सोडून द्या. डॉटनेट ६ पासून पीरिऑडिकटायमर आला आहे. साध्या व्हाइल लूपमध्ये पुढच्या ठोक्याची वाट बघायची, काम करायचं, परत वाट बघायची. फेऱ्या एकमेकींवर चढण्याचा प्रश्नच येत नाही, कारण लूप एकच आहे. ट्राय-कॅच लूपच्या आत हवा, बाहेर नव्हे. बाहेर ठेवला तर एका एक्सेप्शनने लूपच संपतो आणि आपण परत इथेच.

तिथे अजून एक फरक आहे. बॅकग्राउंडसर्व्हिसमधून (नव्या डॉटनेटमध्ये असं काम ज्यात लिहितात त्या क्लासमधून) एक्सेप्शन बाहेर पडलं तर आधी ते असंच दडपलं जायचं. डॉटनेट ६ पासून संपूर्ण होस्ट, म्हणजे ते काम चालवणारा प्रोग्रॅमच, थांबतो. हे जास्त बरं, पण तो शिस्तीत थांबतो म्हणून विंडोजला तो बिघाड वाटत नाही आणि रिकव्हरी लागू होत नाही. मायक्रोसॉफ्टच्याच नमुन्यात म्हणून कॅचमध्ये एन्व्हायर्नमेंट.एक्झिट(१) लिहिलेलं आहे. शून्य सोडून दुसरा कोड देऊन बाहेर पडलात तरच विंडोज सर्व्हिस परत उठवतं.

लोलक · गुरुवार १०:५५

ट्राय, कॅच, फायनली आजच करते. पण दुबार विवरणपत्रांचं काय? फेऱ्या एकमेकींवर चढत नाहीत हे तर आता कळलंच. मग दोनदा कसे जातात? आणि गंमत म्हणजे ज्यांना दोनदा गेले त्यांच्या ओळीत प्रयत्नांच्या नोंदी बघितल्या तर पहिला ‘फसला’, दुसरा ‘गेला’. फसलेला मेल पोहोचतो कसा?

टपालपेटी · गुरुवार ११:३०

आता माझ्या विषयावर आलात. बरीच वर्षं मेल सर्व्हर सांभाळतोय, आणि हे दुखणं एसएमटीपीइतकंच (मेल पाठवण्याच्या नियमावलीइतकंच) जुनं आहे. दोन गोष्टी सांगा. मेल पाठवताना टाइमआउट किती ठेवलाय? आणि रिलेवर जोडलेल्या फाइलची व्हायरस तपासणी होते का?

लोलक · गुरुवार १२:१५

कॉन्फिगमध्ये १५००० लिहिलंय, म्हणजे १५ सेकंद. तपासणी होते, रिलेवाल्यांनी दुजोरा दिला. त्यांच्याकडून एका दुबार मेलचा लॉगही मिळाला. पत्ते काढून देते:

०९:०३:११ मजकूर पूर्ण, शेवटचं टिंब मिळालं
०९:०३:२६ समोरून जोडणी तुटली
०९:०३:३४ तपासणी पूर्ण, मेल रांगेत घेतला
०९:०३:३६ मेल पुढे पोहोचवला
०९:०९:४० त्याच पत्त्यासाठी नवी जोडणी
०९:०९:५२ मेल रांगेत घेतला, उत्तर २५०

टपालपेटी · गुरुवार १३:०५

या सहा ओळींत सगळं आलंय. सावकाश सांगतो, कारण अनेक जण वर्षानुवर्षं मेल पाठवणारा कोड लिहितात आणि ही जागा त्यांना कधी कोणी दाखवलेली नसते.

एसएमटीपीत मेलचा मजकूर पाठवून झाला की पाठवणारा एका ओळीवर नुसतं एक टिंब पाठवतो. त्याचा अर्थ, ‘माझं संपलं, आता हा मेल तुझा’. घेणारा सगळं तपासतो, डिस्कवर लिहितो आणि मग २५० अशी पोच देतो. ती पोच मिळेपर्यंत मेलची जबाबदारी पाठवणाऱ्याची, दिल्यानंतर घेणाऱ्याची. टिंब आणि पोच यांच्यामधल्या वेळेत मात्र मेल कोणाचा, हे दोघांनाही खात्रीने सांगता येत नाही.

तुमच्या लॉगमध्ये ही वेळ २३ सेकंदांची आहे, ११ पासून ३४ पर्यंत. तुमची सर्व्हिस १५ सेकंदांत कंटाळली, बरोबर २६ व्या सेकंदाला जोडणी तोडली आणि ‘फसला’ लिहून मोकळी झाली. रिलेकडे मेल तोवर पूर्ण आलेला होता. त्याने तपासणी संपवली, मेल घेतला, पोच द्यायला गेला तर समोर कोणी नाही. मेल मात्र गेला. पुढच्या फेरीत तुमची सर्व्हिस प्रामाणिकपणे परत पाठवते. साध्या आठवणींना जोड नसते, तपासणी क्षणात होते, म्हणून त्या कधी दुबार गेल्या नाहीत. महिन्याच्या सुरुवातीला रिलेवर गर्दी, पीडीएफ मोठ्या, म्हणून तेव्हाच त्रास.

यावर आरएफसी (इंटरनेटच्या नियमांचे दस्तऐवज) मालिकेतला १०४७ क्रमांकाचा छोटासा दस्तऐवज आहे, फेब्रुवारी १९८८ चा. विषय नेमका हाच, दुबार मेल. जरूर वाचा. नंतरच्या आरएफसी ५३२१ ने, म्हणजे २००८ च्या मुख्य एसएमटीपी दस्तऐवजाने, आकडाच दिला आहे: टिंबानंतर पोचेची वाट किमान १० मिनिटं बघा. १५ सेकंद नव्हे. डॉटनेटच्या एसएमटीपी क्लायंटचा स्वतःचा डिफॉल्टसुद्धा १०० सेकंद आहे. कोणीतरी तो मुद्दाम कमी केला, बहुधा फेऱ्या लांबायला लागल्या म्हणून.

तर टाइमआउट १० मिनिटांवर न्या. त्याने तुमची फेरी कधीकधी लांबेल. लांबू द्या.

रिलेवाल्यांशीही बोला. तोच दस्तऐवज घेणाऱ्यालाही बजावतो की टिंबानंतर पोच द्यायला लागणारा वेळ शक्य तितका कमी ठेवा. ओळखीच्या सर्व्हरकडून येणारा मेल आधी रांगेत घ्या, पोच द्या आणि तपासणी नंतर करा, अशी सोय बहुतेक रिलेंमध्ये करता येते. बाहेरून येणाऱ्या अनोळखी मेलला मी हा सल्ला देणार नाही. तिथे आधी पोच देऊन नंतर नाकारलं तर नकाराचे मेल निरपराध माणसांच्या पेटीत जाऊन पडतात.

पूर्णांक · गुरुवार १३:४०

टपालपेटी, वाचनखूण साठवली. म्हणजे टाइमआउट वाढवला की प्रश्न मिटला?

टपालपेटी · गुरुवार १४:१०

कमी होतो, मिटत नाही. नेटवर्क नेमकं त्याच क्षणी तुटू शकतं, सर्व्हिस त्याच क्षणी पडू शकते. म्हणून ‘गेला’ आणि ‘फसला’ हे दोनच निकाल अपुरे आहेत. तिसरा हवा: ‘अनिश्चित’.

ठरवायचं कसं, तर समोरून कोड आला का ते बघा. ४ ने सुरू होणारा कोड आला तर मेल नक्की गेला नाही, थोड्या वेळाने परत पाठवा, आणि दर खेपेला मधलं अंतर वाढवत न्या. ४२१, ४५० आणि ४५१ नेहमी दिसतील. ५ ने सुरू होणारा आला, उदाहरणार्थ ५५०, तर परत पाठवू नका, माणसाच्या नजरेस आणा. जोडणीच झाली नाही तर बिनधास्त परत पाठवा. मात्र कोड न येता टाइमआउट झाला किंवा मधेच तार तुटली, तर ती ओळ अनिश्चित.

एक अपवाद डोक्यात ठेवा, ५३५. तो म्हणजे लॉगिन नाकारलं. त्याचा त्या पत्त्याशी काही संबंध नाही. पासवर्डची मुदत संपली असेल तर प्रत्येक ओळीला ५३५ येणार, आणि ५ ने सुरू होतो म्हणून तुम्ही शेकडो ओळी कायमच्या बाद करून बसाल. ५३५ दिसला की फेरी तिथेच थांबवा, ओळींना हात लावू नका, भोंगा वाजवा.

लोलक · गुरुवार १४:४५

हे सोनं आहे. अनिश्चित ओळींचं पुढे काय करायचं पण?

टपालपेटी · गुरुवार १५:२०

ते मेलच्या प्रकारावर ठरवा, आणि ते तुम्ही एकट्याने नको, ज्यांचे मेल आहेत त्यांच्याबरोबर बसून ठरवा. मुदतीची आठवण दोनदा गेली तर फारसं बिघडत नाही, न गेली तर बिघडतं. ती परत पाठवा. पैशांच्या मागणीचा मेल दोनदा गेला तर माणूस दोनदा पैसे भरू शकतो. तो आपोआप परत पाठवू नका, कोणीतरी रिलेच्या लॉगमध्ये शोधून मग ठरवू दे.

शोधणं सोपं व्हावं म्हणून मेसेज-आयडी हेडर तुम्हीच द्या, आणि तो ओळीच्या क्रमांकावरून बनवा. म्हणजे तोच मेल कितीही वेळा पाठवला तरी आयडी तोच. रिलेच्या लॉगमध्ये तो आयडी एका फटक्यात सापडतो. शिवाय काही मेल सर्व्हर तोच आयडी परत आला की दुसरी प्रत टाकून देतात. त्यावर विसंबू नका, पण मिळाला तर फायदाच.

अर्धविराम · गुरुवार १५:५५

टपालपेटींच्या म्हणण्याला जोड म्हणून डेटाबेसच्या बाजूचं सांगतो. पाठवण्याआधी ओळीवर ‘पाठवतोय’ आणि वेळ लिहा, मग पाठवा, मग निकाल लिहा. सर्व्हिस मधेच पडली तर ‘पाठवतोय’ अवस्थेत अर्धा तास पडून राहिलेली ओळ आपोआप अनिश्चित धरायची.

उद्या सर्व्हिसच्या दोन प्रती दोन मशीनवर चालवायची वेळ आली तर निवडणं आणि खूण करणं एकाच विधानात करा. एसक्यूएल सर्व्हरमध्ये अपडेटबरोबर आउटपुट, आणि रीडपास्ट हिंट, म्हणजे दुसऱ्याने धरलेल्या ओळी वगळल्या जातात. पोस्टग्रेमध्ये ९.५ पासून आणि मायएसक्यूएलमध्ये ८.० पासून ‘स्किप लॉक्ड’ आहे, तेच काम. आधी सिलेक्ट आणि मग वेगळं अपडेट, असं मात्र नको. मधल्या फटीत दुसरी प्रत तीच ओळ उचलते.

पूर्णांक · गुरुवार १६:३०

आमच्याकडे उलटंच आहे. ओळीवर ‘गेला’, पण माणूस म्हणतो मिळाला नाही.

टपालपेटी · गुरुवार १६:५२

२५० म्हणजे फक्त पुढच्या सर्व्हरने घेतला. पेटीत पडला असं नाही. परत आलेले मेल तुमच्या ‘नो-रिप्लाय’ पत्त्यावर जात असतील आणि ती पेटी कोणीच उघडत नसेल, तिथून सुरुवात करा. मग एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क (मेल खरंच तुमच्या डोमेनचा आहे हे पटवणाऱ्या व्यवस्था) तपासा. एसपीएफमध्ये दहापेक्षा जास्त डीएनएस शोध लागले तर ती नोंदच बाद धरली जाते, आणि एकेक सेवा जोडत गेलं की हे नकळत होतं. दिवसाला ५००० च्या वर मेल जीमेलला जात असतील तर फेब्रुवारी २०२४ पासून तिन्ही बंधनकारक आहेत. सविस्तर हवं असेल तर वेगळा धागा काढा, हा लोलकताईंचा आहे.

कंदील · गुरुवार १७:३०

आमच्याकडे वर्षातून दोनदा मेल एक तास पुढेमागे जातात. यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळेत) साठवूनसुद्धा!

अर्धविराम · गुरुवार १७:५०

घड्याळ पुढेमागे करणाऱ्या देशातले वापरकर्ते असणार. जे घडून गेलं ते यूटीसीत साठवा. पण ‘दर सोमवारी सकाळी नऊला’ हे पुढचं वचन आहे, आणि ते त्या माणसाच्या घड्याळाचं आहे. तिथली वेळ आणि टाइमझोनचं नाव साठवा, आणि यूटीसी पुढच्या खेपेपुरतंच काढा. मध्य युरोपात घड्याळ पुढे जातं त्या रात्री अडीच वाजतच नाहीत, मागे येतं तेव्हा दोनदा वाजतात. त्या तासात कोणतंही काम लावू नये हे उत्तम.

लोलक · मंगळवार १०:३०

नवी आवृत्ती चढवली. फायनली, ‘पाठवतोय’ आणि ‘अनिश्चित’ या स्थिती, दहा मिनिटांचा टाइमआउट, ठरलेला मेसेज-आयडी. काल रात्री डेटाबेसवाल्यांना सांगून मुद्दाम दोन मिनिटं सर्व्हर बंद ठेवला. लॉगमध्ये स्टॅकसकट एक्सेप्शन आलं, पुढच्या फेरीतही आलं, आणि तिसरी फेरी जणू काही झालंच नाही अशी सुरळीत. रिलेवाल्यांनीही आमच्या सर्व्हरसाठी तपासणी रांगेनंतर नेली.

आता एक शंका उरली. समजा सर्व्हिस रात्रभर खरोखर बंद पडली, तर सकाळी सुरू झाल्यावर साचलेलं सगळं एकदम सुटणार. त्यातल्या काही आठवणींची मुदत उलटलेली असणार. आणि बंद पडली हे मला लोकांच्या फोनवरून कळायला नको.

अर्धविराम · मंगळवार ११:१५

प्रत्येक ओळीला ‘या वेळेनंतर पाठवू नये’ असा एक रकाना द्या. ती वेळ उलटलेली ओळ ‘कालबाह्य’ होऊन यादीत जाऊ दे, कोणाला चुकलं ते तरी दिसेल. आणि एका फेरीत किती ओळी उचलायच्या त्याला मर्यादा घाला, नाहीतर साचलेला लोंढा बघून रिलेच ४२१ देऊन दार लावेल.

कळण्यासाठी एकच आकडा बघा: वेळ होऊनही न गेलेली सगळ्यात जुनी ओळ किती मिनिटांची आहे. सर्व्हिस ‘रनिंग’ आहे का, प्रोसेस आहे का, हे विचारूच नका, त्याने तुम्हाला इतके दिवस फसवलंच. हा आकडा पंधराच्या वर गेला की सूचना. टायमर मुका झाला, पासवर्ड संपला, रिले बंद पडला, काहीही असो, हा आकडा वाढतोच.

लोलक · मंगळवार ११:४०

क्वेरी एका ओळीची आहे, लगेच लावते. सूचना आमच्या गटाच्या मेलवर पाठवू ना?

टपालपेटी · मंगळवार ११:५२

मेलवर नको! निदान त्याच रिलेवरून तरी नको. रिले बंद असेल तर सूचनाही रांगेत बसेल. एसएमएस किंवा चॅटवर पाठवा, आणि ही तपासणी मेल सर्व्हिसच्या मशीनवर न ठेवता दुसऱ्या मशीनवरून चालवा.

लोलक · मंगळवार १२:२०

दुसऱ्या मशीनवर टास्क शेड्युलरमध्ये लावली, दर पाच मिनिटांनी, सूचना चॅटवर. अडकलेली फेरी मारायची मुदत तीन दिवसांवरून चार मिनिटांवर आणली आहे.